स्टंट काइट: मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी एकच चालेल का?

प्रश्न: मुलं ७ आणि ११ वर्षांची. दोन दोऱ्यांचा पतंग तिघांनी आळीपाळीने उडवायचाय. डेल्टा (काड्यांचा, त्रिकोणी) घ्यावा की फॉइल (हवेने फुगणारा, नुसत्या कापडाचा)? आकार किती?

उत्तर १: एकच नको. धाकट्याला १.२ ते १.३ मीटर रुंदीचा फॉइल द्या. त्यात काड्याच नसतात, त्यामुळे नाकावर आपटला तरी मोडत नाही. तुम्ही आणि थोरला १.५ मीटरच्या आसपासचा डेल्टा घ्या, पण फायबरग्लासच्या काड्यांचा. कार्बन हलका खरा, पण शिकताना तडकतो. २ मीटरच्या वरचे फॉइल सध्या विसरा, चांगल्या वाऱ्यात मूल ओढलं जातं.

उत्तर २: पतंगापेक्षा दोऱ्यांकडे बघा. डायनिमाच्या (जवळजवळ न ताणणारा मजबूत कृत्रिम धागा), २० ते २५ मीटर, आणि दोन्ही अगदी सारख्या. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असला तरी पतंग आखूड दोरीच्या बाजूला वळत राहतो, आणि दोष मुलाच्या हाताला दिला जातो! दोन्ही टोकं एका खुंटीला अडकवून ताणा. लांब निघेल तिची गाठ सरकवा. साधी नायलॉन दोरी ताणते, हाताचा इशारा उशिरा पोचतो.

प्रश्नकर्ता: डेल्टा उठलाच नाही तर?

उत्तर २: वारा ताशी १० किलोमीटरच्या खाली असेल तर थांबा. वारा असूनही उठत नसेल तर ब्रायडलची (पतंगाला बांधलेल्या ज्या छोट्या दोऱ्यांना उडवायची दोरी जोडतात, त्यांची) गाठ दोन्ही बाजूंना सारखीच, ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवा.

उत्तर १: आणि मुलं हात फाकवतात, तिथेच गडबड होते. हात कमरेजवळ, उजवा ओढला की उजवीकडे, बस. ताणलेल्या दोरीला कोणी हात लावायचा नाही, कापते.