लस येण्याआधीच दिलेला होकार कितपत खरा मानावा?

प्रश्न :
महासाथीत नवी लस घेण्याची लोकांची कितपत तयारी आहे, याची पाहणी बहुधा लस येण्याआधीच होते. कोविडच्या वेळी जून २०२० मध्ये १९ देशांतील १३,४२६ जणांना विचारले असता ७१.५ टक्के लोकांनी होकार दिला. चीनमध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या जवळ, तर रशियात ५५ टक्क्यांच्या आसपास होते. जी लस अजून कोणी पाहिलेलीही नाही, तिला मिळालेल्या होकारावर लसीकरणाचे नियोजन करावे का?

प्रतिसाद १ :
त्या पाहणीतील विधान ‘लस सुरक्षित व परिणामकारक सिद्ध झाल्यास’ या अटीवर बेतलेले होते आणि खरा वाद त्या अटीतच आहे. सिद्ध झाली हे सांगणार कोण, आणि त्याच्यावर आपला विश्वास आहे का? सरकारी माहितीवर ज्यांचा भरवसा अधिक होता, त्यांच्यात होकारही अधिक आढळला. त्यामुळे मला हा आकडा लसीपेक्षा शासनाविषयी अधिक सांगतो.

प्रतिसाद २ :
सगळेच भरवशावर ढकलता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने लस घेण्या-न घेण्यामागे विश्वासाबरोबर आजाराविषयीची बेफिकिरी आणि लस मिळण्यातील सोय हीही कारणे मांडली आहेत. २००९ च्या फ्लूच्या साथीत फ्रान्समध्ये पुरेशी लस असूनही दहा टक्क्यांहून कमी लोकांनी ती घेतली, कारण अनेकांना तो आजार सौम्य वाटत होता.

प्रतिसाद ३ :
मला १९७६ चे अमेरिकेतील उदाहरण महत्त्वाचे वाटते. स्वाइन फ्लूच्या भीतीने सुमारे साडेचार कोटी लोकांना लस दिली गेली, साथ मात्र आलीच नाही. उलट गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचा साधारण लाखात एक असा जादा धोका दिसला आणि मोहीम थांबवावी लागली. साथ आली असती, तर तोच धोका लोकांनी कदाचित पत्करला असता. शिवाय चाचणीत तीस-चाळीस हजार लोक घेतले, तरी लाखात एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम त्यात सहसा दिसत नाही. हे आधीच स्पष्ट सांगितले, तर पुढे असा रुग्ण आढळल्यावर ‘आमच्यापासून लपवले’ असे म्हणायला जागा उरत नाही.

प्रश्नकर्ता :
शेवटचा मुद्दा पटला, पण तो आधी सांगितल्यास होकाराचा आकडा खाली येईल, हेही धरून चालावे लागेल.

प्रतिसाद ३ :
येऊ द्यावा. नियोजनाला तोच आकडा उपयोगी पडेल.