मदत हवी आहे: आबांसाठी द्राक्षबागेत चालेल असा फोन, १५ हजारापर्यंत

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात बाग आहे आमची आणि आबांचा फोन आता शेवटच्या घटका मोजायलाय. बजेट १५ हजार, फार तर हजारभर वर ताणू, कारण फळछाटणी तोंडावर आलीय आणि औषधांची उधारी आधीच डोक्यावर आहे.

गेम नाही, रील नाही (बघतात, पण ते सोडा). मेन काम असं की दावण्याची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) शंका आली की पान उलटं करून खालच्या पांढऱ्या बुरशीचा फोटो काढायचा आणि सल्लागारांना व्हॉट्सॲपवर टाकायचा. आत्ताच्या फोनमधनं पान हाय का फडकं तेच कळत नाही, सल्लागार म्हणतात आबा परत काढा, आणि उन्हात स्क्रीन दिसंना म्हणून आबा टॉवेल डोक्यावरनं फोनवर ओढून उभे. शिवाय ई-पीक पाहणी, फोनपे, बागेत रेंज, आणि ट्रॅक्टरवर ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालू असताना ऐकू येईल अशी रिंग.

सांगलीत चौकशी केली तर दुकानदार म्हणतो १६ जीबी रॅम, वर मॅक्रो (अगदी जवळनं फोटो काढायचा) कॅमेरा वेगळा. खोक्यावर बघितलं तर ८ अधिक ८ लिहिलेलं. हे काय प्रकरण आहे? पानाला मॅक्रो लागतो का? ५जी घ्यावं का, आमच्याकडं त्याची रेंज येते जाते. भाऊ म्हणतो सेकंडहँड भारीतला घ्या, आबा म्हणतात दुसऱ्याचं उष्टं नको. ऑनलाईनवर त्यांचा विश्वास नाही, दुकानात मिळेल असंच सांगा.

प्रतिसाद १
मागचे ८ म्हणजे स्टोरेजमधनं उसनी घेतलेली जागा, खरी रॅम ८च. तुमच्या कामाला ६ पण बास. त्यापेक्षा स्टोरेज कुठलं ते विचारा, ईएमएमसी (जुन्या पद्धतीचं, हळू चालणारं) म्हणाला तर खाली ठेवा, गुड मॉर्निंगचे फोटो साठले की असला फोन रांगायला लागतो. यूएफएस २.२ (त्यापेक्षा वेगवान स्टोरेज) तरी पायजे, १२८ जीबी.

मॅक्रोच्या नादाला लागू नका दादा. स्वस्तातला मॅक्रो बहुतेक २ मेगापिक्सेलचा, फोकस एकाच अंतराला ठरलेला, वाऱ्यानं पान जरा हललं की गेलं. मेन कॅमेरा वीतभर लांब धरायचा, २ एक्स झूम, स्क्रीनवर पानावर बोट टेकवायचं आणि मग काढायचा. दुकानात जाताना खिशात एक पान घेऊनच जा. आणि फोन हातात घेऊन बाहेर उन्हात या, आतल्या ट्यूबलाईटीत सगळेच स्क्रीन चांगले दिसतात.

प्रतिसाद २
५जीच घ्या, फोन चार-पाच वर्षं वापरणार ना. जिओचं ५जी ७०० मेगाहर्ट्झवर पण आहे, ते लांबपर्यंत पोचतं, त्याला फोनमध्ये एन२८ बँड (त्या लहरी पकडायची सोय) लागतो. एन७८ तर जिओ एअरटेल दोघांनाही लागतो. दुकानदाराला ठाऊक नसलं तर कंपनीच्या साईटवर बँडची यादी बघा.

खोक्यावर आयपी५४ (धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा) असलं तर ते शिंतोड्यांपुरतं. ती टेस्ट साध्या पाण्यानं करतात, बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या फवारणीच्या) पाण्यानं नाही, तेव्हा फवारणीला फोन पिशवीतच.

सेकंडहँड घेतलाच तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) काढा, संचार साथी या सरकारी साईटवर तपासा आणि मूळ बिल मागा, बिल नाही म्हणाला तर विषय सोडा. नव्यात अपडेट किती वर्षं ते विचारा, सॅमसंगनं ए१६ ५जीला सहा वर्षं सांगितलीत, बजेटमध्ये बसतोय का बघा, सणाच्या ऑफरला भाव उतरतात.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आबांचं कार्ड जिओचंच आहे, म्हणजे एन२८ बघून घेतो. सेकंडहँडचा विषय घरात मिटला, आबा जिंकले. पण रिंगचं कुणी बोललं नाही राव. डबल स्पीकरनं ब्लोअरच्या आवाजात खरंच फरक पडतो का, का खिशातलं व्हायब्रेशन जोरात असलेला बघू? कुणी ट्रॅक्टरवर वापरत असेल तर मॉडेल सांगा, गुरुवारी सांगलीला जाणार आहे.