रोपांच्या आधी पाणी आणि जागेचा कागद
मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून सामूहिक बाग करायची म्हटली की बरेच जण रोपं कुठून आणायची, देणगी कोणाकडे मागायची ते सांगतात, बरोबरच आहे, पण माझ्या मते रोपं हा यातला सगळ्यात सोपा भाग. लावायच्या दिवशी सगळे येतात, खरी कसोटी पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत लागते, मुळं खोल गेलेली नसतात आणि पाणी घालायला ठरलेलं माणूस लागतं. म्हणून जमलेल्या पैशातला मोठा हिस्सा पाणी, कुंपण, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवीन लावायला बाजूला ठेवाच. देणगी बहुतेक एकदाच मिळते, रोजच्या खर्चाला घरटी छोटी वर्गणीच टिकते, आणि हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाकला की लोक स्वतःहून देतात.

दुसरं म्हणजे जागा. तोंडी परवानगीवर अजिबात जाऊ नका, लेखी करार घ्या, किती वर्षांसाठी, पाण्याचं कनेक्शन कोणाच्या नावावर, कोणाला इजा झाली तर जबाबदारी कोणाची, सगळं त्यात हवं. न्यूयॉर्कमध्ये १९७३ला लिझ ख्रिस्टी आणि तिच्या 'ग्रीन गुरिला' या बागप्रेमी गटातल्या मंडळींनी पडीक प्लॉटवर बाग केली, पुढच्याच वर्षी ती शहराकडून रीतसर भाड्याने घेतली आणि ती आजही आहे. पण त्याच शहराने १९९९ला अशा शंभरावर बागा लिलावात काढायचं ठरवलं होतं, शेवटी संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या!! एवढी वर्षं राबलेल्या लोकांना काय वाटलं असेल विचार करा.

आणि प्लीज, गेटची किल्ली न् पंपाची माहिती एकाच उत्साही माणसाकडे ठेवू नका, निदान तिघांकडे तरी असू दे.