डॉक्टरनं दवाखाना सोडून दिल्लीच्या राजकारणात जावं का?

शाहूपुरीकर:
नमस्कार मंडळी. माझा मावसभाऊ एमबीबीएस, सध्या सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर आहे. कोरोनात लय राबला आणि तेव्हापासून डोक्यात बसलंय की खरे निर्णय वरच होतात, म्हणून राजकारणात उतरायचं, पुढं जमलं तर खासदारकी. मावशी म्हणते एवढं शिकवलं ते काय प्रचारात फिरायला? घरात रोज वाद. मला विचारायचंय, डॉक्टर माणसाचं दिल्लीत खरंच काय चालतं का?

तिकटीवरचा:
चालतं की. हर्षवर्धन बघा. कान-नाक-घशाचे सर्जन, १९९३ ला पहिल्यांदा आमदार आणि लगेच दिल्ली राज्याचे आरोग्यमंत्री. २ ऑक्टोबर १९९४ ला त्यांनी दिल्लीतल्या लहान पोरांना एकाच दिवशी पोलिओचा डोस द्यायची मोहीम काढली, पुढच्या वर्षी ती देशभर गेली, आपल्या गल्लीत रविवारी बूथ लागतो तो त्यातनंच आलाय. जानेवारी २०११ मध्ये हावड्याला शेवटची केस सापडली आणि मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. नुसती ऑपरेशनं करत बसले असते तर एवढ्या पोरांपर्यंत कधी पोचले असते? घरोघरी डोस घेऊन फिरणाऱ्या बायकांचं श्रेय पण तेवढंच, त्यांचं नाव कुणी घेत नाही हे मला खटकतं.

सीपीआरजवळचा:
मी डॉक्टर आहे म्हणून सांगतो, त्याला आधी एक गोष्ट नीट समजावा. सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने हा घटनेत राज्याचा विषय आहे. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉक्टर का नाही, औषध का संपलं, हे मुंबईत ठरतं, दिल्लीत नाही. त्याला तेच सुधारायचं असेल तर आमदारकी बघावी. दिल्लीच्या हातात मेडिकल शिक्षणाचे नियम, लसीकरण, देशभराच्या योजना. अंबुमणी रामदोस पण डॉक्टरच, २००४ ते २००९ केंद्रात आरोग्यमंत्री, ग्रामीण आरोग्य मिशन आणि आशाताई त्यांच्याच काळात आल्या, २००८ ला सार्वजनिक जागी सिगारेट बंद झाली ती पण. पण खातं आपल्या मनासारखं मिळतंय असं नाही. २०२१ ला आपल्या डॉक्टर भारती पवारांना आरोग्य राज्यमंत्रीपद मिळालं आणि त्याच दिवशी बालशल्यचिकित्सक भागवत कराडांना अर्थ राज्यमंत्रीपद. त्याच वेळी हर्षवर्धनांचं केंद्रातलं आरोग्यमंत्रिपद गेलं, २०२४ ला तिकीटही नाही मिळालं, तेव्हा त्यांनी कृष्णानगरच्या आपल्या क्लिनिकमध्ये परत जातो असं जाहीर केलं. म्हणून डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करत राहायचं, काही झालं तरी ते सोडायचं नाही.

आणि सरकारी नोकरीत राहून पक्षाचं काम करता येत नाही हां, नियमातच बसत नाही. राजीनामा मंजूर झाल्याशिवाय उमेदवारीचा फॉर्म भरायचा नाही, सरकारी सेवेचा बाँड असला तर तो आधी पुरा करायचा.

राजारामपुरी ताई:
मावशींना बिधानचंद्र रॉय यांचं सांगा. १९४८ पासून १ जुलै १९६२ ला वारेपर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री, तरी रोज सकाळी पेशंट फुकट तपासायचे. डॉक्टर्स डे त्यांच्याच नावानं असतो. शिक्षण वाया जात नाही हो.

शाहूपुरीकर:
राज्याचा विषय हे आमच्या डोक्यातच नव्हतं, त्याची सगळी तक्रार पीएचसीबद्दलच असते. आज रात्री त्याला हे वाचायला देतो. झेडपीपासून सुरुवात केली तर चालेल का?

सीपीआरजवळचा:
चालेल काय, तिथूनच करावी. पीएचसीचा रोजचा कारभार झेडपीच बघते.