लिलियन रसेलला फक्त ‘सुंदर बाई’ म्हणून निकालात काढायचं?

नाट्यवेडी: शंभरेक वर्षांपूर्वीची अमेरिकन गायिका-नटी लिलियन रसेल हिचं नाव निघालं की तिचं रूप, चार लग्नं आणि तिचा श्रीमंत चाहता डायमंड जिम ब्रेडीने दिलेले हिरे, सायकल याच्या पुढे जातच नाही, मला खरंच राग येतो. आयोवातल्या क्लिंटनची ही हेलन लिओनार्ड, न्यूयॉर्कात थिएटरवाल्या टोनी पास्टरने नाव बदलून ‘इंग्लिश गायिका’ म्हणून स्टेजवर आणली आणि तिथून ती कॉमिक ऑपेराची, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकांची, सर्वांत मोठी स्टार झाली. १८९० ला लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर न्यूयॉर्कचं गाणं बोस्टन आणि वॉशिंग्टनला ऐकवायचं होतं तर तिलाच उभं केलं. टेलिफोनवर चेहरा कुठे दिसतो?

सरळमार्गी: भावना पोचल्या, पण तिच्या ‘कम डाउन मा इव्हनिन स्टार’ या गाण्याची रेकॉर्ड ऐकलीय का? मी तीनदा लावली, आवाज थकलेलाच वाटतो. एवढं डोक्यावर घेण्यासारखं मला तरी काही सापडलं नाही.

नाट्यवेडी: अहो ती रेकॉर्ड १९१२ ची, पन्नाशी गाठल्यावरची! गाणं १९०२ च्या ‘ट्वर्ली व्हर्ली’ या विनोदी संगीत नाटकातलं, संगीतकार जॉन स्ट्रॉमबर्ग प्रयोग उभा राहायच्या आधीच वारला, गाण्याचा कागद त्याच्या खिशात सापडला असं सांगतात आणि पहिल्या रात्री गाताना तिला रडू आवरलं नाही. उमेदीतला आवाज आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही, मग निकाल कशावर देताय? आणि १८९९ ला ती वेबर आणि फील्ड्स या विनोदी जोडीच्या कंपनीत गेली ते बघा ना, एकीकडे उंच फील्ड्स, दुसरीकडे पोटाला उशी बांधलेला बुटका वेबर, दोघं मोडक्या इंग्रजीत धुमाकूळ घालणार आणि ही मधे राणीसारखी. अशा जागी टायमिंग चुकलं तर सगळा सीन पडतो. कॉमिक ऑपेराची नायिका चाळिशीच्या तोंडावर विनोदाकडे वळते, पुढे व्हॉडव्हिल म्हणजे गाणी-विनोदांचे मिश्र कार्यक्रमही करते, हे नुसत्या रूपावर होत नाही.

कोपऱ्यातला प्रेक्षक: कला मान्य, माझा आक्षेप वेगळाय. १९२२ ला अमेरिकेचे अध्यक्ष हार्डिंग यांनी तिला युरोपात स्थलांतराची पाहणी करायला पाठवलं, आणि हिने शिफारस काय केली तर पाच वर्षं अमेरिकेत स्थलांतरित घेणंच बंद करा. वेबर आणि फील्ड्स दोघंही पोलिश ज्यू स्थलांतरितांच्या घरातले, त्यांच्याबरोबर इतके सीझन काम करून हे लिहायचं? मला नाही पटत, करिअर सांगताना हे गाळू नका.

नाट्यवेडी: गाळणार नाही, ते मलाही टोचतं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी उभी राहिलेली बाई, जिची आई १८८८ ला न्यूयॉर्कच्या मेयरपदासाठी उभी होती, ती असं लिहिते. पण स्थलांतरितांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कोटा १९२१ लाच आला होता, दार तिने बंद केलं असं म्हणू नका.

सरळमार्गी: दार बंद होत असताना धक्का तर दिलाच ना. आवाजाचं म्हणाल तर १९१२ चा मुद्दा मान्य, त्या रेकॉर्डवरून मी बोलत नाही, पण मग ‘सर्वांत मोठी’ हेही त्या काळच्या जाहिरातींवरून ठरवू नका.