नगरच्या रणगाडा संग्रहालयात नववीची सहल : कोणते रणगाडे, कोणत्या क्रमाने? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत नववीच्या मुलांना नगरच्या (कागदोपत्री अहिल्यानगर, पण आमच्याकडे सगळे नगरच म्हणतात) कॅव्हलरी टँक म्युझियमला न्यायचं घाटतंय. मी इतिहास शिकवते. गाडी, जेवण, पालकांची संमतीपत्रं हे सगळं सहकारी बघताहेत, तो प्रश्न नाही. आत गेल्यावर काय दाखवायचं, यासाठी मदत हवी आहे.

हे संग्रहालय १९९४ साली लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने सुरू केलं. देशोदेशीचे रणगाडे आणि चिलखती गाड्या उघड्यावर मांडून ठेवल्या आहेत. अशा ठिकाणी दोन वर्ग सोडले की काय होतं ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. तोफेखाली फोटो, साखळीवर पाय ठेवून फोटो, की लगेच "बाई, झालं बघून, आता किल्ल्यात जाऊया?" सगळेच्या सगळे दाखवायला गेले तर एकही डोक्यात राहणार नाही. म्हणून मोजकेच निवडायचे आणि त्यांच्यातून एकच गोष्ट सांगायची असा बेत आहे : चिलखत, तोफ आणि वेग हे तिन्ही एका रणगाड्याला मनासारखं मिळत नाही. एक वाढवलं की दुसरं कुठेतरी कापावं लागतं. कुणी काय कापलं यावरून तो कोणत्या लढाईसाठी आणि कशाच्या धास्तीने बनवला ते कळतं. "सगळ्यात भारी टँक कोणता?" हे मुलं विचारणारच. त्याचं उत्तर न देता त्यांना घरी पाठवायचं आहे. :)

आता माझी कच्ची यादी. चुकत असेल तर बिनधास्त सांगा.

सुरुवात रोल्स-रॉइसच्या चिलखती गाडीपासून. तिथलं हे सगळ्यात जुनं वाहन. सिल्व्हर घोस्ट या श्रीमंती मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवले आणि वर मशीनगनचा बुरूज बसवला. चाकं मोटारीचीच, त्यामुळे टणक जमिनीवर सुसाट आणि चिखलात खलास. साखळी का लागली ते इथेच सांगून होईल.

मग मटिल्डा, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रणगाडा. इथे मला रेंगाळायचं आहे. वजन २६-२७ टन, चिलखत जास्तीत जास्त ७८ मिमी. १९४० साली फ्रान्समध्ये आरासजवळ जर्मनांच्या ३७ मिमी रणगाडाविरोधी तोफांचं यापुढे काही चालेना, तेव्हा त्यांनी विमानं पाडायच्या ८८ मिमी तोफा आडव्या करून मटिल्डांवर लावल्या. त्याच वर्षी ९ डिसेंबरला इजिप्तमध्ये निबेइवाच्या इटालियन छावणीवर हल्ला झाला, तो ब्रिटिशांच्या मटिल्डा आणि आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचं पायदळ यांनी मिळून केलेला. दुसऱ्या महायुद्धात आपले जवान नक्की कुठे होते हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि उत्तर नकाशावर बोट ठेवून संपतं. इथे ते उत्तर समोर उभं असेल. मात्र त्या जाड चिलखताची किंमतही मोजलेली दिसते : रस्त्यावरसुद्धा ताशी २४ किमीच्या आसपास वेग आणि तोफ अवघी ४० मिमीची. बुरूज ज्या कड्यावर फिरतो ते कडंच लहान, त्यामुळे पुढे मोठी तोफ बसवायची सोयच राहिली नाही.

त्याला लागून जपानी हा-गो. सगळंच उलटं. साडेसात टनही वजन नाही, चिलखत १२ मिमी, आत तिघे. बुरुजात कमांडर एकटा : शत्रू शोधायचा त्यानेच, गोळा भरायचा त्यानेच, डागायचाही त्यानेच. मलायात १९४१-४२ साली समोर ब्रिटिशांचे रणगाडे जवळजवळ नव्हतेच, म्हणून खपून गेलं.

यापुढे पॅटन (१९६५ साली पाकिस्तानकडे असलेला अमेरिकी रणगाडा), आणि शेवट आपल्या विजयंतावर. पॅटनपाशी असल उत्तरची लढाई सांगेन (८ ते १० सप्टेंबर १९६५). अब्दुल हमीद यांचं नाव मुलांना पाठ असतं. पण जीपवर बसवलेली १०६ मिमीची रिकॉइललेस (डागताना मागे धक्का न देणारी) तोफ, उभा ऊस आणि पाणी सोडून मुद्दाम चिखल केलेली शेतं हे सगळं एकत्र सांगितल्याशिवाय इतका तगडा रणगाडा तिथे का अडकला हे कळत नाही. नुसतं शौर्य सांगितलं की मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात, असा माझा अनुभव.

तर प्रश्न असे :

पॅटनचे एम-४७ आणि एम-४८ हे दोन प्रकार मुलांना (आणि मला) लांबून कसे ओळखता येतील?

विजयंत या "देवाणघेवाणीत" नेमका कुठे बसतो? आपला म्हणून नुसतं कौतुक करायचं नाहीये.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन जातीचा ब्रिटिश बनावटीचा रणगाडा नगरला आहे असं वाचलंय. तो या संग्रहालयातच आहे का?

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात अवघड वाटतं. आत माणसं बसलेली असायची, हे चौदा वर्षांच्या मुलांना कसं जाणवून द्यायचं? भीती घालायची नाही, पण खेळण्यासारखंही वाटायला नको.

---

प्रतिसाद १

ताई, बेत आवडला. मी ईएमईत (लष्कराच्या यंत्रदुरुस्ती विभागात) होतो, विजयंतच्या पोटात हात घालण्यात बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो.

विजयंत म्हणजे मूळ आराखडा ब्रिटिशांच्या व्हिकर्स कंपनीचा, बांधणी मद्रासजवळ आवडीच्या कारखान्यात. तुमच्या हिशेबात तो चपखल बसतो. त्याला सेंच्युरियनशेजारी ठेवून बघा. सेंच्युरियन ५१ टनांच्या घरात, विजयंत ३९. तोफ १०५ मिमी, त्या काळातली उत्तम. वजन कुठून कमी केलं? चिलखतातून. सेंच्युरियनच्या बुरुजाला समोर १५२ मिमी पोलाद, विजयंतला जास्तीत जास्त ८० मिमी. हलका, स्वस्त, हत्यार मोठं, अंगरखा पातळ. हा विचारपूर्वक केलेला सौदा होता आणि मुलांना तसाच सांगा, कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही.

इंजिन सांगितलंत तर तुमचे विज्ञानाचे सर खूश होतील. विजयंतच्या इंजिनाला सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन! एकेका सिलिंडरात दोन पिस्टन समोरासमोर येतात, मधे इंधन पेटतं. सेंच्युरियनचं मीटिअर इंजिन तर स्पिटफायर विमानाच्या मर्लिनवरून काढलेलं.

फामागुस्ता आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपलेला आहे. शाळेच्या लेटरहेडवर पत्र देणार असाल तर त्यातच त्याबद्दल विचारा. गोष्ट सांगायला मात्र कुठलाही सेंच्युरियन चालेल. १६ डिसेंबर १९७१, बसंतरची लढाई, रेजिमेंट १७ पूना हॉर्स, वय २१. तुमच्या मुलांपेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठे, एवढंच सांगा. पुढे काही बोलायची गरज पडत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर एक उपाय. सहलीच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर दोरी आणि खडूने १३७ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढा. मटिल्डाच्या बुरुजाचं कडं एवढंच. त्यात तीन मुलं बसवा : कमांडर, तोफची आणि भरणारा. मधे एक लांब फळी आडवी धरा, ती तोफेची मागची बाजू. आता भरणाऱ्याच्या हातात एक वही द्या आणि कुणालाही कोपर न लागता ती फळीच्या टोकाशी न्यायला सांगा. पहिल्यांदा हसतील. मग सांगा की दारं बंद आहेत, इंजिन चालू आहे, धूर आत येतोय, बाहेरचं फटीतून दिसतं तेवढंच, आणि बाहेर पडायला डोक्यावरच्या झाकणाखेरीज वाट नाही. मग त्याच जागी सेंच्युरियनचं १८८ सेंटिमीटरचं वर्तुळ काढा. त्यातही तिघंच. फरक मुलं स्वतःच सांगतील.

---

प्रतिसाद २

पॅटनबद्दल. मी प्लॅस्टिकची मॉडेलं जोडतो, त्यामुळे हे दोन झोपेतही ओळखू येतात.

समोर उभे राहा आणि खालच्या धडाकडे बघा. एम-४७ च्या पुढच्या पोलादात एका बाजूला मशीनगनसाठी गोल फुगवटा दिसेल. तिच्यामागे पाचवा माणूस बसायचा. एम-४८ मध्ये तो माणूसच काढून टाकला, चौघेच राहिले, आणि पुढचा भाग होडीच्या नाळेसारखा गोलाकार ओतीव झाला. मग वर बघा : एम-४७ चा बुरूज पुढे निमुळता आणि मागे लांब शेपूट काढल्यासारखा, एम-४८ चा पालथ्या कढईच्या वळणाचा. तोफ दोघांचीही ९० मिमीच.

ओतीव पोलादाला हात लावायला मिळाला तर जरूर लावू द्या. पृष्ठभाग खडबडीत, बारीक पुटकुळ्या आल्यासारखा असतो. मटिल्डाच्या वेळी चिलखत मुख्यतः जाड करून भागवायचे, पॅटनला ते तिरपं केलंय. एम-४८ चं पुढचं ११० मिमी पोलाद उभ्या रेषेपासून ६० अंशांत कललेलं आहे. म्हणजे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला दुप्पट, साधारण २२० मिमी जाडी भेदावी लागते. कोसाइन ६० म्हणजे अर्धा, बाकी गणिताच्या बाईंवर सोपवा.

---

प्रतिसाद ३

यादीत पीटी-७६ (पाण्यावर तरंगणारा सोव्हिएत रणगाडा) कसा नाही? "वेगासाठी काय कापलं" यापेक्षा मजेशीर प्रश्न तिथे आहे : तरंगण्यासाठी काय कापलं? सुमारे १४ टनांचा, अंगावर नावापुरतं चिलखत, पण मागच्या बाजूने पाण्याचे फवारे सोडत नदी ओलांडतो. मागे जाऊन ती तोंडं दाखवा. लढाई सांगायची तर गरीबपूर (तेव्हाचं पूर्व पाकिस्तान), २१ नोव्हेंबर १९७१, रीतसर युद्ध सुरू व्हायच्या आधीची. आपल्या ४५ कॅव्हलरीचे पीटी-७६ आणि पाकिस्तानचे अमेरिकी शाफी रणगाडे समोरासमोर आले. धुक्यात झालेली लढाई, आणि शाफींचा पार धुव्वा उडाला.

वेळ उरला तर फ्रेंच एएमएक्स-१३ सुद्धा. त्याची तोफ वर-खाली होत नाही, बुरुजाचा वरचा अर्धा भागच तोफेसकट झुलतो. गोळे भरायला माणूस नाही, सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती पिंपं. बारा गोळे संपले की मात्र ती पिंपं बाहेरून भरायची. लढाई चालू असताना!

चर्चिल हा ब्रिटिशांचा जाड चिलखताचा रणगाडाही तिथे आहे, पण तो गाळला तरी चालेल. मटिल्डापाशी तोच मुद्दा येऊन गेलाय.

---

प्रतिसाद ४

ही लष्करी हद्द आहे. सगळ्या शिक्षकांची ओळखपत्रं जवळ ठेवा आणि कॅमेऱ्याचे नियम आधी विचारून घ्या. रणगाड्यांवर चढू नका हे बसमध्येच सांगा, उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

---

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, खडूचं वर्तुळ तर ठरलंच. मैदान नाही, आमच्या मधल्या चौकात काढू, म्हणजे आठवीची पोरंही डोकावतील. क्रम आता असा करतेय : रोल्स-रॉइस, मटिल्डा, हा-गो, पीटी-७६, पॅटन, सेंच्युरियन आणि विजयंत जोडीने. एएमएक्स-१३ मुलांच्या गटाकडे सोपवते, तो का झुलतो ते त्यांनीच शोधायचं. चर्चिलवर काट मारली, वाईट वाटलं जरा.

आणखी एक करतेय. प्रत्येक तोफेच्या तोंडाएवढ्या पुठ्ठ्याच्या चकत्या कापून नेणार आहे. मटिल्डा ४० मिमी, पीटी-७६ ची नावातच आहे, पॅटन ९०, विजयंत १०५. हातात धरून बघितलं की फरक कळतो. सेंच्युरियनची तोफ सगळीकडे "२० पौंडी" अशी लिहिलेली सापडते. त्याची चकती किती मिमीची कापू?

---

प्रतिसाद १

८४ ची कापा, नेमकं माप ८३.४ आहे. पण बऱ्याच सेंच्युरियनवर नंतर १०५ ची तोफ चढवली होती. नळीवरच्या मधल्या फुगवट्यावरून ठरवायला जाऊ नका, तो दोन्हींवर असू शकतो. दोन्ही चकत्या पिशवीत ठेवा आणि तिथला फलक वाचून मगच बाहेर काढा.