दशांश, 'बी पेरा' शिकवण आणि मंडळीचा हिशोब (कोल्हापूर)

प्रश्न: आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेत बायबलमधलं मलाखी ३:१० ('दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा') वाचून 'जेवढं बी पेराल तेवढं शंभरपट मिळेल' असं सांगतात. दानार्पण पाळकांच्या (पास्टरांच्या) वैयक्तिक क्यूआर कोडवर जातं. वचन बरोबर लावलंय का? हिशोब कुठे मागायचा?

उत्तर १: मलाखीतलं भांडार म्हणजे मंदिराचं कोठार. बायबलमधल्याच 'अनुवाद' पुस्तकातलं १४:२८-२९ सोबत वाचा: तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी (मंदिरसेवा करणारा वंश), परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी होता. शंभरपट पीक मार्क ४ मधलं. तिथे बी म्हणजे देवाचं वचन, नोटा नव्हेत! २ करिंथ ९:७ मध्ये प्रेषित पौल टक्केवारी सांगत नाही, जबरदस्ती नको म्हणतो.

उत्तर २: आधी नोंदणी बघा. ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयात अर्ज करून शेड्यूल एकचा (ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा आणि ऑडिट रिपोर्टची नक्कल घ्या. उताऱ्यात विश्वस्तांची नावं, जमिनी दिसतात. जुन्या मिशनच्या जागांवर डोळा असतो, म्हणून हे आधी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही. पैसे खाल्ल्याचा पुरावा असेल तर कलम ४१-ड खाली विश्वस्ताला काढण्याचा अर्ज करता येतो. नुसत्या तोंडी तक्रारीवर काही हलत नाही. पावत्या, क्यूआरचे स्क्रीनशॉट जोडा.

उत्तर ३: दानाची थैली दोघांनी, तेही एका घरातले नसलेल्यांनी, उपासनेनंतर लगेच मोजावी. रक्कम वहीत लिहून दोघांच्या सह्या, सोमवारी ट्रस्टच्या खात्यात भरणा. पौलानेही वर्गणी नेताना सोबत माणसं घेतली होती (२ करिंथ ८:१९-२१). वही दाखवायला नकार मिळाला तर थेट मंडळीच्या कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या.